वरच्या मळ्याची बारी

धाकटा भाऊ म्बारक कासा शहराहून गावी आला की घरात साखर वाढायची आणि झोप कमी व्हायची. एरवी तो ईदला यायचा. सोबत बायको, पोरं, चहाची पुडकी आणि पांढऱ्याशुभ्र साखरेचे शंकू असायचे. या खेपेला मात्र तो मधेच आला, एकटाच, दुकान मेव्हण्याच्या हवाली करून. इज्जानं तेव्हाच ओळखलं की बिहीदादानं त्याला बोलावून घेतलंय, आणि बोलावणं तिच्या सायकलपायी गेलंय.

सकाळपासून सगळे माडीवर बसले होते. मधे जवाची भाकरी, तेल, बदामाची चटणी आणि चहा, पण खाण्यात कुणाचं लक्ष नव्हतं. भिंतीला टेकून म्हातारी आई, यामना, माळ ओढत होती. दाराशी बिहीची बायको फादमा, हातात काम असल्यासारखी. आणि दोन भावांच्या समोर इज्जा, वय वर्षं बेचाळीस, अठरा वर्षांपूर्वी नवऱ्यानं सोडचिठ्ठी दिल्यापासून याच घरात. कोर्टासमोर बसवतात तशी तिला बसवली होती.

म्बारकनं बोलायला सुरुवात केली ती लांबून. वरचा मळा दोन कोस लांब. वाट चढाची. बाई माणसानं किती दिवस राबायचं? खालच्या अंगाला संत्र्याच्या बागा लावणारा एक पैसेवाला आहे, तो पाण्याच्या हक्कासकट मळा घ्यायला तयार आहे. मळा गेला की जायचं-यायचं राहिलं नाही, आणि जायचं-यायचं राहिलं नाही की सायकलही लागत नाही. एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या समाधानात त्यानं चहाचा घोट घेतला.

"आणि मी?" इज्जानं विचारलं.

"तू आमच्याकडे चल कासाला. पोरं आहेत, स्वयंपाक आहे. घरात तुला काय कमी पडणार आहे?"

इज्जाला त्या घराचं स्वयंपाकघर आठवलं. एक खिडकी, ती पण शेजारच्या भिंतीत उघडणारी. मळ्यातली अडतीस बदामाची झाडं तिनं हातानं लावली होती, जवाची रानं तिनं नांगरली होती, आणि अठरा वर्षं भावाची भाकरी खाल्ली तरी कुणाच्या उपकाराचा घास तिच्या घशात अडकला नव्हता तो त्या मळ्यामुळेच. मळा गेला तर ती पाहुणी होणार होती, जन्मभर मुक्कामाला आलेली.

"मी मळा विकायला अंगठा देणार नाही," ती म्हणाली. "माझा वाटा आहे त्यात. भावाच्या निम्मा, पण आहे."

"वाटा आहे गं. पाणी कुठं आहे?" म्बारक म्हणाला. "वर्षात दोनदा बारी चुकली. तिसऱ्यांदा चुकली की पाणी गावाचं. मग तुझे बदाम सरपणाला."

हे खरं होतं, आणि म्हणूनच झोंबलं. या दरीत पाटाचं पाणी घराघरानं वाटलेलं आहे, दर चौदा दिवसांनी ज्याची त्याची बारी. त्या वेळी घरच्या वारसानं पाटाच्या तोंडाशी हजर असलं पाहिजे. नसला तर पाणी पुढच्याला. एका वर्षात तीनदा चुकला तर हक्कच बुडाला. आजोबा-पणजोबांपासूनचा कायदा, त्याला कुणी लाच देऊ शकलेलं नाही.

पहिली बारी चुकली ती थंडी संपता संपता. बिहीची झीना तापानं फणफणली होती, बिही बाजाराला गेलेला. इज्जानं पोरीला पाठीशी बांधलं आणि बारा किलोमीटर चालत खालच्या दवाखान्यात नेलं. पोर वाचली, पाणी गेलं. त्याच महिन्यात शाळेच्या मास्तरची बदली झाली आणि इज्जानं अर्गानच्या तेलाचे दोन डबे देऊन त्याची जुनी सायकल घेतली. शिकवायला कोणी नव्हतं. खळ्यावर, जिथं खेचरं गोल फिरून जव मळतात, तिथं तीही गोल फिरत राहिली. फादमा कण्या वेचायच्या निमित्तानं येऊन मागून बैठक धरायची. गुडघे सोलवटले, पण आठ दिवसांत ती सरळ जायला लागली.

आणि मग गावाचं काय झालं ते कुणी ठरवून केलं नव्हतं. गिरणीला गेलं की दिवस जायचा, ती दुपारच्या आत पीठ घेऊन परत यायला लागली. बस थांबते त्या फाट्यावर महिना महिना पडून राहणारी कासाची पत्रं आठवड्याला घरोघर पोचायला लागली, आणि नवऱ्यांना कळलं की बायकांची उत्तरंही आठवड्याला येतात. पोरांच्या चिकटलेल्या डोळ्यांचं मलम यायला लागलं. झीना मागच्या कॅरिअरवर बसून शाळेला जायला लागली. सत्तरीची सुईण तर दोनदा त्याच कॅरिअरवर बसून बाळंतपणाला गेली, डोळे घट्ट मिटून आणि साऱ्या पिरांचा धावा करत, पण दोन्ही वेळा वेळेवर पोचली. बायका दुवा द्यायच्या. पुरुष चेष्टा करायचे, पण पीठ त्याच सायकलवरचं खायचे.

चेष्टा बिहीला सोसली नाही. गुरुवारच्या बाजारात कुणीतरी विचारलं, "काय रे बिही, तुझ्या बहिणीला नाल कुठल्या मापाची लागते?" सगळा बाजार हसला. बिही घरी आला, कुणाशी न बोलता सायकल कडब्याच्या कोठीत ढकलली, कुलूप घातलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. याला तीन आठवडे झाले. मधे बारी आली, इज्जा भाकऱ्या थापून पायी निघाली आणि पोचेपर्यंत पाणी पुढं गेलेलं. ही दुसरी.

आज पुन्हा बारी होती, ही चुकली की तिसरी. पण ती दुपार ढळल्यावर, तिसऱ्या नमाजाच्या वेळी. जेवून निघालं तरी चालणार होतं, म्हणून कुणाला घाई नव्हती.

"बाकीचं दुपारी बोलू," बिही उठत म्हणाला. त्याला असल्या बोलण्यांत मधे उठायची सवय होती. "फादमा, साखरेचे दोन शंकू काढून ठेव. त्या वर्गा घराण्याकडे जाऊन यायचंय."

"वर्गांकडे काय?" यामनानं विचारलं.

"त्यांची म्हातारी गेली, इम्मी. पहाटे मशिदीत कळलं."

यामनानं डोळे मिटून दुवा पुटपुटली. म्हातारी तिच्याच वयाची, एकाच वर्षी दोघी या दरीत नांदायला आलेल्या. माळेचे चार मणी पुढं सरकले आणि बोटं थांबली.

"आज आपल्या आधी पाणी कुणाचं?" तिनं विचारलं.

बिही बोटांवर घरं मोजायला लागला. म्बारकनं दादाकडं पाहिलं, जणू हा प्रश्न त्याला विचारलेलाच नव्हता.

"वर्गांचं," इज्जा म्हणाली.

"दुखवट्याच्या घरात तीन दिवस पाटाच्या पाण्याला कुणी हात लावत नाही," यामना म्हणाली. "त्यांची बारी गळाली की आपली वर सरकते. तिसऱ्या नमाजाची दुसऱ्याला आली, भर दुपारच्या. हे तुम्हाला बापानं सांगितलं नव्हतं, का कासाच्या दुकानात साखरेबरोबर विकून टाकलंत?"

गोष्ट अशी होती की मयताची बातमी मशिदीत कळते आणि पाण्याचा हिशेब चुलीपाशी राहतो. पहाटे गावातल्या सगळ्या पुरुषांनी ही बातमी ऐकली होती, माना हलवल्या होत्या, आणि एकाच्याही डोक्यात पाट आला नव्हता. ज्यांच्या डोक्यात आला असता त्यांना बातमी आत्ता मिळत होती, साखरेच्या निमित्तानं.

इज्जा गच्चीच्या कठड्याशी धावली. अंगणात डाळिंबाची सावली बुंध्याजवळ गोळा होत आली होती. दुपारच्या बांगेला फार तर पाऊण तास होता. पायी दीड तास, गाढवावर सव्वा.

म्बारकनं हात झटकले. त्याच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं होतं, पण सुटल्यासारखंही होतं. "गेली म्हणायची बारी. अल्लाची मर्जी. त्याच्यापुढं कुणाचं काय चालतं?"

"अल्लाचं नाव कशाला घेता भाऊजी," दारातून फादमा म्हणाली. "किल्ली ह्यांच्या गळ्यात आहे."

फादमा भावांच्या बोलण्यात कधी पडत नसे. सोळा वर्षांच्या संसारात तिनं या खोलीत चहाखेरीज दुसरं काही आणलं नव्हतं. बिहीनं तिच्याकडं रोखून पाहिलं, पण तिनं नजर खाली घातली नाही.

"पहिली बारी माझ्या लेकीपायी चुकली," ती म्हणाली. "दुसरी कुलपापायी. आता तिसरी चुकली तर मी वन्संना तोंड कसं दाखवू ते सांगा, आणि मग ठेवा किल्ली गळ्यात."

"अगं, भर दिवसा सगळ्या वस्त्यांमधून जाणार ती," बिही म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "लोक बघतील."

"लोक मयतीला गेलेत," यामना म्हणाली. "आणि उरलेत ते तिच्याच सायकलवरचं पीठ खातात. दे."

बिहीनं दोरा गळ्यातून काढला. इज्जाच्या हातात नाही दिला. चहाच्या तबकात, पेल्यांच्या शेजारी ठेवला आणि खिडकीकडं तोंड फिरवून उभा राहिला. इज्जानं तो उचलला तेव्हा किल्ली त्याच्या अंगाइतकी गरम होती.

कोठीत सायकलची दोन्ही चाकं बसली होती. दोघी नणंद-भावजयींनी आळीपाळीनं हवा भरली. भात्यासारखा ऊर धपापला. इज्जानं काळ्या हाईकचे, अंगभर गुंडाळायच्या त्या वस्त्राचे, सोगे कमरेला घट्ट खोचले, एक पाय पायडलवर ठेवला आणि अंगणाच्या उघड्या दारातून सरळ बाहेर पडली. फावडं घ्यायचं राहिलं, हे गावाच्या वेशीवर तिच्या ध्यानात आलं. परत फिरायला वेळ नव्हता.

वाट पाटाच्या कडेनं वर जाते. पहिला टप्पा सपाट, तो तिनं कापला. पुढं कोरडी नदी, वाळू घोटा बुडेल एवढी. तिथं सायकल खांद्यावर घेऊन ती पळाली, एक चप्पल वाळूत राहिली. दुसरी तिनं स्वतःच काढून टाकली. मधल्या वस्तीत आडावर बायका होत्या. इज्जा अनवाणी, तोंड उघडं, घामानं निथळत येताना दिसली, तशा त्या काही न विचारता कामाला लागल्या. एकीनं वाटेवरच्या शेळ्या हाकलल्या, दुसरीनं पोरं ओढून घेतली. कुठं जातेय हे त्यांना सांगावं लागलं नाही. वर्गांची म्हातारी गेल्याचं त्यांनाही आत्ताच कळलं होतं, आणि त्यांनीही हिशेब केला होता.

"अजून बांग झाली नाही," एक म्हातारी पाठीमागून ओरडली. "चल पोरी."

बेचाळीस वर्षांच्या बाईला कुणी पोरी म्हटलं की एकतर राग येतो, नाहीतर पायात बळ येतं. इज्जाच्या पायात आलं. शेवटच्या चढावर छाती फुटायची पाळी आली, डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण उतरून ढकलायचा विचार तिनं केला नाही. या चढावर ती अठरा वर्षं चालली होती, गाढवामागं, पेंढ्यांखाली, पावसात, तापात. आज पहिल्यांदा तो चढ तिच्या चाकाखालून मागं सरत होता. एवढ्या घाईतही तिला त्याचा आनंद झाला.

बांग झाली तेव्हा ती शेवटच्या वळणावर होती.

पाटाच्या तोंडाशी अंजिराखाली पाटकरी याह्या बसला होता, समोर पाण्यानं भरलेलं घंगाळ. त्यात तळाला भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत होती. वारस आला नसला की पाटकरी एक वाटी बुडेपर्यंत वाट बघतो, त्याच्यापुढं नाही. घंगाळाच्या पलीकडं फावडं खांद्यावर टाकून बेलाईद उभा होता. उबेल्लांच्या, म्हणजे इज्जाच्या घराच्या, नंतरचं पाणी त्याचं. वाटी काठापर्यंत भरत आली होती आणि तो तिच्याकडं भुकेल्या मांजरासारखा बघत होता.

इज्जानं सायकल टाकली तेव्हा चाकं फिरतच होती. तिला बोलता येईना. तिनं नुसता हात वर केला. याह्यानं तिच्याकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं. त्याच क्षणी वाटी बुडबुड करून तळाशी गेली.

"गेली," बेलाईद म्हणाला. "वाटी बुडाली."

"आली तेव्हा तरंगत होती," याह्या म्हणाला. "माझे डोळे अजून शाबूत आहेत."

"पण फावडं कुठाय तिचं? पाणी फावड्यानं मोडून घ्यायचं असतं."

इज्जानं सोगे गुडघ्यांवर ओढले. ती पाटात उतरली. मळ्याच्या तोंडाशी दगड-मातीचा बांध होता, महिनाभर न मोडल्यानं उन्हात टणक झालेला. तिनं वाकून पहिला दगड दोन्ही हातांनी उपटला, मग दुसरा. नखं तुटली, बोटांतून रक्त आलं. ती माती खरवडत राहिली आणि बांधाच्या मधोमध एक बोटभर फट पडली. पाण्याला तेवढी वाट पुरते. पुढचा चिखल पाण्यानंच ढकलला आणि लोट वळून तिच्या मळ्यात शिरला.

याह्या सावकाश उठला. "पाणी मोडून घ्यावं, एवढंच वडीलधाऱ्यांनी सांगितलंय," तो म्हणाला. "कशानं, ते सांगितलेलं नाही."

बेलाईदनं फावडं खाली टेकलं. तो वाईट माणूस नव्हता, त्याचं रानही तहानलेलं होतं. "बरं. पण पुकारा तर करशील? तो बिहीच्या नावानंच कर. बाईचं नाव काय दरीभर ओरडायचं असतं?"

खरी गोम तिथंच होती. पाणी वळलं की पाटकरी वारसाचं नाव पुकारतो, म्हणजे खालच्यांना कळतं की पाट आता कोरडा होणार. पहिला पुकारा खालच्या वळणावरचा माणूस झेलतो, त्याचा त्याच्या खालचा, आणि असं नाव तोंडातोंडी गावापर्यंत जातं. अठरा वर्षं इथं उभी राहिली इज्जा आणि पुकारलं गेलं बिहीचं नाव. एखाद्या वर्षी बिही या चढावर फिरकलाही नव्हता. इज्जाला त्याचं काही वाटत नाही असं सगळे समजत, आणि तीही तसंच समजत आली होती.

"काय करू?" याह्यानं तिला विचारलं. "मोडून घेणाऱ्याचं नाव पुकारायचं, असा कायदा. आजवर मी डोळेझाक केली, कारण तू काही बोलली नाहीस. आज विचारतो. कुणाच्या नावानं?"

इज्जा गुडघाभर पाण्यात उभी होती. घरी परतल्यावर काय होईल हे तिला दिसत होतं. दादा पुन्हा बाजारात जाणार, पुन्हा लोक हसणार, आणि किल्ली पुन्हा गळ्यात. त्याच्या नावानं पुकारा झाला तर सगळं गुपचूप निभावून जाईल. पण मग मळा बिहीचाच राहणार, आणि पुढच्या ईदला म्बारक पुन्हा साखर घेऊन येणार.

"माझ्या," ती म्हणाली.

याह्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले. "पाणी इज्जाचं! उबेल्लांच्या इज्जाचं!"

दरीनं तो आवाज घेतला आणि खाली नेला. क्षणभर काहीच नाही. मग पहिल्या वळणावरच्या मेंढपाळानं, थोडा अडखळत, पण झेलला. त्याच्या खाली गिरणीवाल्यानं. इज्जा कान देऊन ऐकत होती. आपलं नाव असं लांब लांब जाताना तिनं कधी ऐकलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही.

तिसरा पुकारा वर्गांच्या रानातून व्हायचा. तो आला नाही.

"तिथं कोण असणार," बेलाईद म्हणाला. "सगळे मयतीच्या घरी. तिथंच तुटला म्हणायचा."

याह्यानंही मान हलवली. तुटलेला पुकारा लोक धरत नाहीत. उद्या गावात म्हणायला प्रत्येकजण मोकळा, की आम्ही काही ऐकलं नाही बुवा. इज्जानं पाण्यात हात धुतले. बोटं चुरचुरली.

आणि मग खालून, वर्गांच्या रानापाशी जिथं गाढवाची वाट पाटाला येऊन मिळते तिथून, एक आवाज आला. घोगरा, चढानं दमलेला, ओरडायची सवय नसलेला. पहिल्यांदा शब्द फुटले नाहीत. दुसऱ्यांदा फुटले.

"पाणी इज्जाचं! माझ्या बहिणीचं!"

इज्जानं तो आवाज जन्मापासून ऐकला होता. चारचौघांत त्यानं तिचं नाव आजवर एकदाही घेतलं नव्हतं, कुठलाच भाऊ घेत नाही. तो गाढवावर तिचं फावडं घेऊन निघाला होता, आणि ज्या ठिकाणी नाव तुटलं तिथं तो होता. खाली, त्याच्याही खालून, मधल्या वस्तीतून आता बायकांचे आवाज उठले. पुकारा पुरुषांनीच करायचा असतो याची त्यांना कुणीतरी आठवण करून द्यायला हवी होती, पण द्यायला तिथं कोणी पुरुष नव्हता. दहा-बारा जणी एकदम ओरडल्या, मग हर्षानं जिभा वळवून चीत्कारल्या, आणि नाव गावाकडं उतरत गेलं.

बेलाईदनं आपलं फावडं पुढं केलं. "घे. भाऊ येईपर्यंत. नाहीतर पाणी वाया जायचं."

इज्जानं पदरानं डोळे पुसले, फावडं घेतलं आणि बदामाच्या पहिल्या वाफ्याचं दार मोडलं.